भातवडीहून दिसणारे जग

डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात एक मोगल लघुचित्र आहे. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने ते १६१६ च्या सुमारास काढले. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे; गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. समोर भाल्याच्या टोकाला एका काळ्या माणसाचे तोडलेले मुंडके खोचलेले आहे, सोबतीला अशुभाचे घुबड आहे आणि बादशहा त्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. मुंडके मलिक अंबरचे. आजच्या इथिओपियात जन्मलेला, बगदादपर्यंत हातोहात विकला गेलेला आणि दख्खनेत येऊन अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला हा हबशी जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही. रणांगणावर जे साधले नाही ते बादशहाने कागदावर करवून घेतले. या चित्राकडे सूडाचे चित्र म्हणून पाहता येते, पण त्यात त्याहून मोठी गोष्ट आहे. जग कसे दिसते हे पाहणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते, आणि ज्याच्या पायाखाली गोल आहे त्याला समोरचा माणूस नुसत्या रंगाचा दिसतो. जागतिक घडामोडींवरच्या मराठी लेखनाचा आढावा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी. माझे म्हणणे थोडक्यात असे: भाल्याच्या बाजूने जग पाहण्याची एक सकस परंपरा मराठीत आहे, तिचे कितीतरी धागे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून गेलेले आहेत. मात्र आपण तिला 'जागतिक घडामोडी' या खात्यात कधी मांडलेच नाही, आणि म्हणून ते खाते आज इतके रोडावले आहे.

हे खाते पूर्वीपासून दरिद्री होते असे मुळीच नाही. १९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाला नमवले तेव्हा 'केसरी'ला त्यात आशियाचा विजय दिसला. न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास लिहिला तो आयरिश लोकांच्या नावाने आपल्याच पारतंत्र्याशी बोलण्यासाठी. गोविंद तळवलकरांनी सोविएत साम्राज्याचा उदय आणि अस्त दोन खंडांत मांडला, अरुण साधूंनी 'आणि ड्रॅगन जागा झाला' आणि 'फिडेल, चे आणि क्रांती' लिहून चीन आणि क्यूबा मराठी घरात आणले, गिरीश कुबेरांनी तेलाच्या अर्थकारणाची गोष्ट कादंबरीच्या ओघाने सांगितली. व्यासंग आणि वाचनीयता या दोन्ही कसोट्यांवर ही परंपरा इतर कोणत्याही भारतीय भाषेपुढे मान वर करून उभी राहील. तिची मर्यादा वेगळी आहे. तिची परिमाणे राष्ट्र, नेता, विचारसरणी, युद्ध आणि तेल ही. साम्राज्यशाहीचा तिला राग आहे, पण साम्राज्यशाहीने माणसांची जी रंगवार उतरंड लावली ती तिच्या विवेचनाचे हत्यार क्वचितच झाली. गोरे राज्यकर्ते आणि आपण, एवढ्या जोडीवर तिचे भागते. आपल्याहून काळा कोणी जगात आहे आणि त्याच्याशीही आपले काही नाते असेल, हा प्रश्न तिच्यासमोर फारसा येत नाही.

या मर्यादेचे एक ठळक उदाहरण नगरच्या किल्ल्यातच आहे. १८९९ ते १९०२ च्या युद्धात इंग्रजांनी पकडलेल्या बोअर कैद्यांपैकी काही जणांना दक्षिण आफ्रिकेतून थेट नगरला आणून ठेवले होते. इंग्रजांशी लढणारा मूठभर शेतकऱ्यांचा समाज म्हणून बोअरांविषयी हिंदी माणसाला आपुलकी वाटणे साहजिक होते. हिशोब दोघांचाच धरला तर इंग्रज अन्यायी आणि बोअर पीडित. पण ज्यांच्या जमिनीसाठी आणि सोन्याच्या खाणींसाठी ही दोन गोरी माणसे भांडत होती ते आफ्रिकी लोक या हिशोबात कुठेच नव्हते. १९४८ मध्ये बोअरांच्याच वारसांनी वर्णद्वेषी राज्यव्यवस्था उभी केली तेव्हा जगाला याचे नवल वाटले. तिसरी बाजू आधीच धरली असती तर नवल वाटायचे कारण नव्हते. रंगाच्या बाजूने पाहणे म्हणजे भावनेच्या भरात वाहणे असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्या दृष्टीने इथे हिशोब अधिक बिनचूक जमला असता.

आता दुसऱ्या परंपरेकडे वळू. तिचा पहिला पुरावा भाषेत आहे. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांची कोंडी केली आणि त्यांचा पराभव केला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. या लढाईचे वर्णन 'शिवभारता'त आहे, आणि ते लिहिणारा कवींद्र परमानंद याच जिल्ह्यातल्या नेवाशाचा. जहांगीर ज्याला आठवणींत काळतोंड्या म्हणून हिणवतो त्याच माणसाकडे नेवाशाचा कवी एक पराक्रमी सेनानी म्हणून पाहतो. कागदोपत्री तर मलिक अंबर याहून खोल रुजला. त्याने जमिनीची प्रतवारी करून सारा बसवला आणि 'मलिकंबरी' हा शब्द मराठेशाहीच्या दफ्तरात त्या पद्धतीचे नाव होऊन राहिला. आपल्या गावगाड्यात शिवाराला 'काळी' आणि वस्तीला 'पांढरी' म्हणतात, त्यात काळी ही पोसणारी. पंढरीचा देव सावळा आहे आणि तो तसा आहे म्हणून कुणी हळहळत नाही. पण तीच भाषा लग्न ठरवायला बसली की म्हणते, 'रंग जरा सावळा, पण नाकीडोळी नीटस.' त्या 'पण'मध्ये सगळे आले. 'हबशी' हा शब्द दख्खनेत सरदारांचा होता. पुढे तो धिप्पाड काळ्या माणसाला चिडवायचा शब्द झाला. वर्तमानपत्रे आधी 'निग्रो' लिहीत, आता 'कृष्णवर्णीय' लिहितात. हा शब्द सभ्य आहे, पण कोणत्याही मराठी माणसाच्या तोंडी तो येत नाही. तो फक्त बातमीत राहतो. ज्या शब्दाला बोलीत घर नाही, त्या शब्दाने सांगितलेला माणूसही परकाच राहतो. चारशे वर्षांचा शेजार असताना भाषेने हा परकेपणा नव्याने उसना आणला, हे आपल्या वृत्तलेखनाचे सगळ्यात केविलवाणे अपयश आहे.

दुसरा पुरावा १८६१ ते १८७५ या काळातला, आणि तो सगळ्यात बोलका आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतला कापूस अडकला, लँकशायरच्या गिरण्यांना माल हवा झाला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली आणि त्याच वर्षी मुंबईचा बाजार कोसळला. मराठीत ही गोष्ट बहुतेक वेळा व्यापारी प्रेमचंद रायचंद, समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्या आणि बुडालेल्या बँका यांची गोष्ट म्हणून सांगतात. अमेरिकेतल्या चाळीस लाख गुलामांची सुटका हा त्या गोष्टीत नुसता भाव पडण्याचे कारण म्हणून येतो. जोतीराव फुल्यांनी तीच घटना दुसऱ्या टोकाने उचलली. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनीही तो धडा गिरवावा, ही अपेक्षा त्यामागे होती. आठ वर्षांपूर्वीच्या परदेशी घडामोडीचे इतके नेमके वाचन त्या काळात दुसऱ्या कुणी मराठीत केल्याचे दिसत नाही. ते त्यांना सुचले याला नगरचेही थोडे कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासून नगरला होते, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये तिथेच सुरू झाला आणि मिस फरार यांची मुलींची शाळाही तिथलीच. मिशनऱ्यांचे जग ख्रिस्ती आणि अख्रिस्ती अशा दोन रंगांत वाटलेले होते, हे खरे. फुल्यांनी त्यांच्याकडून बातमी घेतली, वाटणी घेतली नाही. बातमी तीच ठेवून जागा बदलली की अर्थ बदलतो, हे तंत्र त्यांनी सिद्ध केले.

'गुलामगिरी'नंतर दोनच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांवर हल्ला केला. ते लोण पारनेर, श्रीगोंद्याकडे पसरले. लोकांनी धान्य लुटले त्याहून जास्त आस्थेने कर्जरोखे काढून जाळले. या दंग्यांची कारणे शोधण्यासाठी सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कापसाच्या तेजीमंदीचा या दंग्यांशी नेमका किती संबंध होता, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. या भागात कापूस बेताचाच होता. वाढीव सारा, दिवाणी न्यायालयांनी सावकाराला दिलेले बळ ही कारणे अधिक जवळची. हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. तेजीत सैल झालेली पत मंदीत आवळली जाते, आणि ती आवळताना मुंबईच्या पेढीपासून पारनेरच्या ओट्यापर्यंत प्रत्येक जण ओझे खालच्यावर ढकलतो. मिसिसिपीतला सुटलेला पण जमीन न मिळालेला गुलाम आणि रोखा जाळणारा कुणबी एकाच दशकात सावकाराच्या वहीत अडकले. ही दोन माणसे एका परिच्छेदात आणणे ही खरी जागतिक घडामोडींच्या लेखनाची कला. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या फुल्यांपाशी तिचे बीज होते. पुढच्या मराठी पत्रकारितेने ते पेरले नाही. तिने जग पहिल्या पानावर ठेवले आणि पारनेर जिल्हावार्तेत.

विसाव्या शतकात ही परंपरा दोन वेळा जोमाने वर आली. १९४६ च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या निग्रोंचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे नेले जात होते; अस्पृश्यांनाही तो मार्ग धरता येईल का, हे त्यांना पाहायचे होते आणि त्या निवेदनाच्या प्रती हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात आपुलकीने उत्तर दिले. पत्र छोटे, कामापुरते, भावनेचा एक शब्द जास्त नाही. जगाच्या व्यासपीठाचा वापर कसा करायचा याची ती नुसती चौकशी आहे, आणि म्हणूनच तो आदर्श नमुना आहे. याच्या दोन वर्षे आधी नगरच्या किल्ल्यात बंदिवान असलेले जवाहरलाल नेहरू 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते. तो भव्य ग्रंथ राष्ट्राचा शोध घेतो आणि त्या शोधातून जगाकडे जातो. आंबेडकरांचे पत्र राष्ट्राला वळसा घालून थेट दुसऱ्या देशातल्या समदुःख्याकडे जाते. दोन्ही वाटा हव्यात. आपल्या पाठ्यपुस्तकांनी आणि अग्रलेखांनी पहिलीच रुळवली.

दुसरी उसळी १९७२ ची. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडला ब्लॅक पँथर ही संघटना उभी राहिली होती. तिचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर आली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. पँथरच्या जाहीरनाम्याने दलित या शब्दाचा पैस जातीपलीकडे नेला आणि साम्राज्यशाहीखाली भरडलेल्या राष्ट्रांनाही त्यात जागा दिली. त्याआधीच अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखडे औरंगाबादच्या मिलिंद परिसरात कृष्णवर्णीय साहित्याविषयी बोलत होते आणि पुढे जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मध्ये 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' मांडताना या दोन साहित्यांची तुलना मुद्दाम घेतली. एवढे भांडवल असताना पुढे काय झाले? समीक्षकाने इथे हात आखडता घेऊ नये. पँथरच्या काळातल्या बऱ्याच लेखनात जग ही नावांची माळ झाली: व्हिएतनाम, अंगोला, हार्लेम. ही नावे टाळ्या मिळवत, पण अंगोलाचा शेतकरी काय पिकवतो, हार्लेममध्ये घरभाडे किती, हे त्या लेखनात येत नाही. कवितेला माळ पुरते, वृत्तलेखनाला पुरत नाही. संघटना फुटल्यावर ही नजर रोजच्या लेखनात उतरवणारे नियतकालिक, बातमीदार, अनुवादक उभे राहिले नाहीत.

मुख्य प्रवाहाने काय निवडले तेही पाहण्यासारखे आहे. मराठीत सर्वांत लाडका कृष्णवर्णीय माणूस म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, आणि त्याचे श्रेय वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'ला. १९८१ पासून त्याच्या आवृत्त्या निघत आहेत, शाळांत बक्षीस म्हणून ते दिले जाते, भुईमुगाची ओळख असलेल्या मुलखात ते मनापासून वाचले जाते. पुस्तक उत्तम आहे. दोष असलाच तर आपल्या वाचनात आहे: गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या त्या मुलाची चिकाटी आपण उचलतो आणि त्याला पळवून विकणारी व्यवस्था मागच्या पानावर ठेवतो. कुणावर न रागावणारा काळा माणूस आपल्याला सोसतो. याच काळात, १९७८ मध्ये, याच नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' आले आणि मराठी आत्मकथनाचा चेहरा बदलला. धामणगावच्या महारवाड्यापासून मुंबईच्या कावाखान्यापर्यंतचा तो प्रवास ही नुसती एका दगडूची कहाणी नाही. गाव श्रमाला धान्याच्या मुठीत मोजते आणि शहर रोजंदारीत, हे जगभरच्या स्थलांतराचे अर्थशास्त्र त्यात आहे. पण बाजाराने त्यातून एकच धडा घेतला: दलित लेखकाने स्वतःचे दुःख सांगावे. जगाविषयी बोलायला इतर आहेत. एकाकडे 'अनुभव' आणि दुसऱ्याकडे 'विश्लेषण' अशी ही वाटणी आजही टिकून आहे, आणि तीही एक प्रकारची बलुतेदारीच आहे.

या मांडणीवर तीन आक्षेप गंभीर आहेत. पहिला, जात म्हणजे वंश नव्हे. दोन्हींची सरमिसळ केली तर दोन्ही कळत नाहीत. २००१ च्या दर्बान परिषदेत भारत सरकारने जातीचा प्रश्न वर्णद्वेषाच्या चर्चेत आणायला विरोध केला तो याच युक्तिवादाने. गंमत अशी, की जातीचा उगम वंशात शोधणारी उपपत्ती आंबेडकरांनीच खोडून काढली होती. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी फरकावरच बोट ठेवले: गुलाम मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जपण्यात मालकाचा स्वार्थ असे, अस्पृश्याला जपण्यात कुणाचाच नाही. तरी त्यांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलेच. तुलना म्हणजे समीकरण नाही. फरक दिसावा म्हणूनच दोन वस्तू शेजारी ठेवतात. दुसरा आक्षेप मलिक अंबरविषयी. तो मुक्तिदाता नव्हता. हबशी गुलामांची फौज त्यानेही बाळगली, सुलतान बसवले आणि उठवले. हे खरेच आहे, आणि त्यात तोट्यापेक्षा फायदा जास्त आहे. अमेरिकेकडून आलेल्या चौकटीत काळा म्हणजे मळ्यातला गुलाम. नगरची चौकट सांगते की गुलामी आणि रंग यांचे नाते सगळीकडे सारखे नव्हते. इथे विकत आणलेला माणूस राज्य चालवत होता. जगाच्या चर्चेत मराठीने घालण्याजोगी ही स्वतःची भर आहे. तिसरा आक्षेप जरा हळुवार आहे: नेवाशाला ज्ञानदेवांनी अवघ्या विश्वासाठी पसायदान मागितले, त्या भाषेला रंगाच्या चष्म्याची गरज काय? पसायदान ही प्रार्थना आहे, अहवाल नव्हे. सगळ्यांचे भले व्हावे असे मागणाऱ्याने कुणाचे वाईट चालले आहे आणि ते कोण करते, याची नोंद ठेवायची नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

आजची स्थिती या आरशात पाहावी. २०२० मध्ये मिनिॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी बातम्या ठळक छापल्या, पण बहुतेक मजकूर पाश्चात्त्य वृत्तसंस्थांचा अनुवाद होता. २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. ही तर आपल्याच घरातली बातमी, तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाणखान्यातली. अमेरिकेत गेलेला मराठी माणूस एकाच वेळी रंगामुळे खालच्या पायरीवर आणि जातीमुळे वरच्या पायरीवर असू शकतो. एवढा नाट्यमय विषय सोडून परदेशस्थ मराठी लेखन अजून बर्फ, आठवणी आणि गणेशोत्सव यांतच रमते. या विषयावर धारदार लिहिणारे मराठी मातीतले तरुण आहेत. ते इंग्रजीत लिहितात, कारण तिथे त्यांना विश्लेषक म्हणून वाचले जाते. सुदानचे युद्ध, काँगोच्या खाणी, आखाती देशांतले मजूर यांवर मराठीत सलग, पायपिटीने मिळवलेले लेखन हाताच्या बोटांवर मोजावे इतके. नगरला रणगाड्यांचे प्रसिद्ध संग्रहालय आहे. जिल्ह्यातली शाळकरी मुले सहलीला तिथे जातात, दोन महायुद्धांतली आणि १९६५ मधली यंत्रे पाहतात. जगाशी त्यांची पहिली ओळख शस्त्रांच्या रांगेतून होते, हा काही त्या संग्रहालयाचा दोष नाही. दुसरी ओळख करून देण्याचे काम लेखकांचे होते.

निकाल द्यायचा तर असा: मराठीत नजर आहे, वारसा आहे, शब्दही आहेत, नाही ती कारागिरीची शिस्त आणि तिला पोसणारी जागा. संपादकांनी आफ्रिकेची आणि पश्चिम आशियाची बातमी लंडनच्या वाटेने न आणता एखाद्या अरबी, स्वाहिली किंवा अम्हारिक जाणणाऱ्या माणसाच्या हातून आणावी. विद्यापीठांनी मराठी विभागात अशा एका तरी भाषेचा शेजार करावा. दलित, आदिवासी, भटक्या लेखकांकडे आत्मकथनाबरोबर परराष्ट्रावरचा अग्रलेखही मागावा. आणि नगरच्या वाचकाने सवडीने भातवडीला जाऊन यावे. शहरापासून ती फार लांब नाही. जहांगीरच्या चित्रातला बाण कुणालाच लागला नाही. भातवडी जिंकल्यावर मलिक अंबर दोन वर्षे जगला, १६२६ मध्ये नैसर्गिक मृत्यूने गेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे.